गळ्यांतील ग्रंथीची रक्तपरीक्षा

रक्ततपासणीच्या कागदावरील ‘टी. एस. एच.’, ‘टी ४’ आणि ‘टी ३’ हीं नांवें आज शहरांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचीं झालीं आहेत. आंकडा मर्यादेबाहेर गेलेला दिसला कीं घरांत चिंता पसरते; तो मर्यादेंत असला कीं कागद कपाटांत जाऊन पडतो. परंतु हे आंकडे नेमके कशाचे, आणि गळ्यांतील ग्रंथीची परीक्षा करण्यासाठीं मेंदूखालच्या दुसऱ्याच एका ग्रंथीचा स्राव प्रथम कां मोजतात, हा प्रश्न फारच थोड्यांना सुचतो. त्याचें उत्तर या परीक्षेच्या इतिहासांत आहे.

थायरॉईड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथि कंठाच्या पुढील बाजूस श्वासनलिकेला बिलगून असते. तिचें कार्य काय, हें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकास नीटसें ठाऊक नव्हतें. १८७३ सालीं लंडनचे विख्यात डॉक्टर विल्यम गल यांनीं कांहीं प्रौढ स्त्रियांत आढळलेल्या एका चमत्कारिक अवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. चेहरा सुजट, जीभ जाड, बोलणें जड आणि मन व शरीर दोन्ही मंद. १८७८ मध्यें विल्यम ऑर्ड यांनीं या विकारास ‘मिक्सीडीमा’ हें नांव दिलें. पण नांव मिळालें म्हणून कारण कळलें, असें झालें नाहीं.

कारण उघड झालें तें शस्त्रवैद्यांच्या अनुभवानें. स्वित्झर्लंडमध्यें त्या काळीं गलगंड फार, आणि बर्न येथील थिओडोर कोखर हे त्यावरील शस्त्रक्रियेंत निष्णात. आपले जुने रोगी त्यांनीं पुन्हां तपासले, तेव्हां ज्यांची संपूर्ण ग्रंथि काढलेली होती त्यांच्यापैकीं बहुतेकांची तीच दशा झालेली आढळली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. माणूस मात्र हरवला होता. हें कटु सत्य कोखर यांनीं १८८३ मध्यें स्वतःच जाहीर केलें, आणि साध्या गलगंडासाठीं सबंध ग्रंथि काढणें सोडून दिलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

१८९१ मध्यें न्यूकॅसल येथील तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीस टोंचला. ती सुधारली, आणि हा उपचार चालू ठेवून पुढें सुमारें २८ वर्षें जगली. उपाय सांपडला, माप मात्र सांपडलें नव्हतें. औषध किती द्यावें हें नाडी, वजन, त्वचा व चेहरा पाहूनच ठरवावें लागे.

मापाचा शोध दोन वाटांनीं चालला. पहिली वाट श्वासाची. १८९५ मध्यें जर्मनीतील माग्नुस-लेव्ही यांनीं दाखविलें कीं, ही ग्रंथि अधिक काम करूं लागली म्हणजे शरीर प्राणवायूहि अधिक वापरतें. रोग्यास उपाशीपोटीं स्वस्थ निजवून त्याचा श्वास मोजण्याची पद्धति त्यावरून रूढ झाली; परंतु थोडा ताप आला किंवा मनांत भीति असली तरी तें माप चुके. दुसरी वाट आयोडिनाची. त्याच सालीं ओयगेन बाउमान यांना या ग्रंथींत आयोडिन आढळलें. १९१४ च्या नाताळांत अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं तिचा स्राव शुद्ध स्फटिकरूपानें वेगळा केला. हेंच थायरॉक्झिन, म्हणजे कागदावरील टी ४. १९५२ मध्यें लंडनमध्यें टी ३ चाहि शोध लागला. रक्तांतील आयोडिन मोजून स्रावाचा अंदाज करण्याची रीत मध्यंतरीं प्रचारांत आली होती. पण रोग्यानें आयोडिनयुक्त औषध घेतलें असलें कीं तीहि फसे.

ही अडचण दूर केली रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनीं. न्यूयॉर्कमधील या दोघांनीं १९६० च्या सुमारास इन्सुलिन मोजण्यासाठीं एक नवी युक्ति सिद्ध केली. डब्यांत जागा मोजक्याच असाव्या आणि खूण केलेले प्रवासी ठराविकच आंत सोडावे; मग बिनखुणेचे प्रवासी जितके अधिक, तितके खुणेचे बाहेर राहणार. येथें प्रतिपिंड हा डबा, खुणेचे प्रवासी म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य, व बिनखुणेचे म्हणजे रोग्याच्या रक्तांतील स्राव. १९६५ पर्यंत ही युक्ति टी. एस. एच. मोजण्यासहि लागू झाली. यॅलो यांना १९७७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन त्यापूर्वींच, १९७२ मध्यें, निवर्तले होते.

टी. एस. एच. म्हणजे मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीनें थायरॉईडला दिलेला हुकूम. थायरॉईड मंदावली कीं हुकूम वाढतो. ती उतूं लागली कीं तो थांबतो. म्हणूनच हा आंकडा उलटा वाचावयाचा असतो. थायरॉक्झिन निम्म्यावर आलें तर टी. एस. एच. शंभरपटीच्या घरांत वाढूं शकतें. त्यामुळें चेहऱ्यावर कांहीं उमटण्यापूर्वींच तें बोलतें. याचा सर्वांत मोठा लाभ मुलांस झाला. जन्मतः थायरॉईड नसलेलें बालक प्रथम निरोगीच दिसतें. लक्षणें उमटेपर्यंत त्याच्या बुद्धीची हानि होऊन जाते. १९७० नंतरच्या दशकांत क्यूबेकमध्यें झ्यां द्यूसो यांनीं टाचेच्या रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन ही तपासणी सुरू केली. भारतांत ती अद्याप प्रत्येक बालकापर्यंत पोंचलेली नाहीं.

तथापि हा आंकडा निकाल नव्हे, साक्ष आहे. प्रौढांसाठीं लिटरमागें सुमारें ०.४ ते ४ मिलियुनिट ही मर्यादा धरतात; पण ती प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते व गर्भारपणीं निराळी असते. औषधाची मात्रा बदलल्यावर आंकडा स्थिर होण्यास सुमारें सहा आठवडे लागतात. बायोटिनच्या गोळ्यांनीं कित्येक तपासण्या फसतात. आणि हुकूम देणारी पिट्युइटरीच रोगी असेल, तर टी. एस. एच. निर्दोष दिसूनहि थायरॉईड उपाशी असते. अशा वेळीं टी ४ पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. टी. एस. एच. किंचित वाढलेलें पण टी ४ मर्यादेंत, असें असतां घाई न करतां परीक्षा पुन्हां करून पाहणें हेंच बहुधा शहाणपणाचें ठरतें. गल यांच्याजवळ एकहि आंकडा नव्हता. त्यांनीं रोग्याकडे लक्षपूर्वक पाहिलें, एवढेंच. आंकडे हातीं आल्यामुळें तें पाहणें अनावश्यक झालें आहे, असें मात्र नाहीं.