गोंदिया–हैदराबाद हवाई अंतर

गोंदिया विमानतळ (आहसंवि: जीडीबी, आप्रविको: व्हीएजीडी) आणि हैदराबादचा राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ५१५ किलोमीटर (सुमारे २८० सागरी मैल) आहे. गोंदियाचा विमानतळ बिरसी गावाजवळ असल्याने तो बिरसी विमानतळ म्हणूनही ओळखला जातो.

अंतर

हवाई अंतर पृथ्वीच्या बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलावरील दोन ठिकाणांना जोडणाऱ्या लघुतम रेषेवर मोजतात. गोंदियाहून हैदराबाद दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे आहे. वळणांमुळे रस्त्याचे व लोहमार्गाचे अंतर याहून अधिक भरते.

उड्डाणकाळ

या मार्गावर वापरल्या गेलेल्या एटीआर-७२ विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. त्या हिशेबाने प्रवास तासाभराचा ठरतो. तथापि धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे व खाली उतरणे यांमुळे वेळापत्रकात अधिक वेळ धरावा लागतो.

सेवा व महत्त्व

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. 'उडान' योजनेखाली फ्लायबिग कंपनीने १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू केली. ती पुढे बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादमार्गे तिरुपतीपर्यंत सेवा सुरू केली. स्थानिक सेवा नसताना प्रवाशांना प्रथम नागपूर गाठावे लागते. गोंदिया व नागपूर या विमानतळांमधील सरळ अंतरच सुमारे १३५ किलोमीटर आहे. त्यामुळे गोंदियाकरांच्या दृष्टीने हैदराबादचे अंतर केवळ किलोमीटरवर नव्हे, तर सेवेच्या सातत्यावरही अवलंबून असते.