हिंगुळाची शाई आणि कोडचे रंग

नेवासा आमच्या जिल्ह्यातलं. प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेचे संस्कृत श्लोक आणि त्यांवरच्या सुमारे नऊ हजार मराठी ओव्या. आवाज दोन, पान एकच.

जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. शिरोरेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा दाटीत श्लोक कुठे संपला, आता बोलतंय कोण, हे नजरेला कसं कळणार? म्हणून कित्येक लेखनिक दुसरी दौत ठेवत. 'अर्जुन उवाच', दंड, ओवीचा आकडा, अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या लाल शाईत. बाकी सगळं काळं. कुठे नुसता गेरूचा हात फिरवलेला. मला त्यात कोड एडिटरच दिसतो: कीवर्ड निळा, स्ट्रिंग हिरवी, कॉमेंट करडी.

मग छपाई आली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. शिळाछापाचं गणित सरळ आहे: एका दगडाला एक शाई. लाल हवं तर दुसरा दगड, आणि तोच कागद रेघ न रेघ जुळवून पुन्हा दाबायचा. खर्च दुप्पट, कटकट चौपट. गुटेनबर्गनेही १४५० च्या दशकात बायबलच्या सुरुवातीच्या काही पानांवर लाल मथळे छापून पाहिले आणि पुढे ती जागा हाताने भरायला मोकळी सोडली. आपल्याकडे खिळ्यांच्या छपाईने वेगळी वाट काढली. आजच्या बहुतेक प्रतींत श्लोक ठळक टाइपात असतो, ओवी साध्या. रंग गेला, भेद राहिला.

आमच्या कोडच्या बाबतीत नेमका भेदच जातो. एकच मजकूर वेबपेज, पीडीएफ आणि वर्डमध्ये काढला की तीन ठिकाणी तीन रंग, कधी वर्डमध्ये सगळंच काळं. त्याची झेरॉक्स निघाली की फिकी करडी कॉमेंट जवळजवळ पुसली जाते. लांबलचक कॉमेंटच्या सुरुवातीची खूण उडाली, तर बंद करून ठेवलेल्या ओळी चालू समजून मुलं त्या टाइप करत बसतात. नोट्सच्या झेरॉक्सवर शिकणाऱ्या मुलासाठी ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही.

यावरचं उत्तर जुनं आहे. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जण अल्गोल ६० ही भाषा ठरवायला बसले. तिचे शब्द तीन पातळ्यांवर मांडता येतील असं त्यांनी लिहून ठेवलं: व्याख्येची भाषा, छापायची भाषा आणि यंत्रात भरायची भाषा. छापताना 'बिगिन' ठळक. पंचकार्डावर ठळक अक्षर कुठून आणणार? तिथे अनेकांनी तोच शब्द अवतरणचिन्हांत घातला. 'हा कीवर्ड आहे' एवढं पक्कं. तो दाखवायचा कसा, हे ज्या त्या माध्यमाने ठरवावं.

२००६ मध्ये आलेलं पायगमेंट्स हेच करतं: आधी प्रत्येक तुकड्याची जात ओळखायची, मग रंग लावायचा. त्याच वर्षीचं पॅनडॉक आज ती जात वेबपेजमध्ये क्लास म्हणून, लाटेकमध्ये कमांड म्हणून आणि वर्डमध्ये अक्षरशैली म्हणून पोचवतं. एडिटरमधून रंगीत कोड उचलून वर्डमध्ये चिकटवणारे मात्र फक्त रंग नेतात, जात मागेच राहते. (ऑफिसात हे रोज होतं.)

पॅनडॉकमध्ये 'मोनोक्रोम' नावाची शैलीही आहे. तिच्यात रंग नाहीच: कीवर्ड ठळक, कॉमेंट तिरकी. झेरॉक्सला जाणाऱ्या नोट्स मी तिच्यातच काढतो.