विहारातील तैलचित्राचा इतिहास

विहारात पाऊल टाकले की तथागतांच्या मूर्तीशेजारी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तैलचित्र दिसते. आजच्या पोरांना वाटते, ते पहिल्यापासून तिथेच आहे. तसे नाही. त्यालाही इतिहास आहे, आणि सांगणारी माणसे कमी होत चालली म्हणून आम्ही तो लिहून ठेवत आहोत.

१२ एप्रिल १९९० रोजी दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. चित्र काढले झेबा अमरोहवी या चित्रकर्तीने, अनावरण केले तेव्हाचे पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी. ज्या सभागृहात बाबासाहेबांनी घटना मांडली, तिथे त्यांचे चित्र लागायला देश स्वतंत्र झाल्यावर बेचाळीस वर्षे जावी लागली! जन्मशताब्दीचे वर्ष सुरू होत होते. आमच्या विहारात मात्र फ्रेम केलेले कॅलेंडर, तेही ओलीने डागाळलेले. तैलचित्र करून घ्यायचे ठरले.

बैठकीत एका जाणत्या कामगाराने हरकत घेतली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मग आपण चित्राची पूजा मांडणार काय? प्रश्न रास्त होता. रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी ठरले, चित्र लावायचे, पण नवस नाही, नारळ नाही. आणि चित्राखाली पुस्तकांचे कपाट असलेच पाहिजे.

१९८२ च्या संपाने चाळीची कंबर मोडली होती. तरी घरटी दहा रुपये ठरले. कुणी दोन हप्त्यांत दिले, पण दिले. देणगीदाराचे नाव फ्रेमवर घालायचे नाही, हेही ठरले.

चित्रकाराने बयाणा घेतला आणि विचारले, कोणत्या वयाचे बाबासाहेब? फोटो सगळे काळे-पांढरे. कॅलेंडरवाले तर त्यांना गोरेपान गुलाबी करत. मग आम्ही बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेल्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना कच्चे चित्र दाखवायला नेले. एक आजी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बाबा, डोळं चुकलं. त्यांच्या नजरेत धाक व्हता, पर मायाबी व्हती." चित्रकार काही बोलला नाही. त्याने डोळे पुसून पुन्हा काढले. पुढच्या खेपेला आजीने नुसते हात जोडले.

तैलरंग वाळायला वेळ लागतो, हे आम्हाला तेव्हाच कळले. वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. व्हार्निश सहा-आठ महिन्यांनी द्यायचे. भिंतीची ओल लागू नये म्हणून फ्रेममागे लाकडी ठोकळे बसवले. मेणबत्ती आणि अगरबत्ती चित्राखाली लावू नका, असे आम्ही आजही सांगतो, ते काजळीने रंग काळवंडतो म्हणून.

१४ एप्रिल १९९१ ला त्रिशरण-पंचशील घेऊन अनावरण झाले. पुढारी बोलावला नाही. पडदा त्या आजीनेच ओढला.

आज ती आजी नाही, हरकत घेणारे ते कामगारही नाहीत. चित्र आहे, खाली कपाटही आहे. तरुणांना एकच विनंती : चित्रापुढे हात जोडाल तेव्हा कपाटही उघडत जा. कपाटावर धूळ साचली, तर त्या रात्रीचा वाद आपण हरलो असे होईल.

जय भीम!