निनावी कड्याचे ऋण

जुन्या मोटारींविषयी लिहिणारे बहुधा त्यांच्या चेहऱ्याविषयी लिहितात: पुढची जाळी, गोल दिवे, दारांची ठेवण, रंगाची झाक. मागच्या चाकाच्या बेअरिंगविषयी कुणी लिहीत नाही. ते दिसत नाही, आणि सुस्थितीत असते तोवर ऐकूही येत नाही. मात्र प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी, तिचे उत्पादन थांबून दोन दशके उलटल्यावरही, एखाद्या हौशी मालकाकडे चालती राहू शकते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर त्या चेहऱ्यापाशी मिळत नाही. ते या झाकलेल्या पोलादी कड्यापाशी मिळते.

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली. तीच गाडी १९७३ मध्ये 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इटलीत ११०० डी चे उत्पादन १९६६ साली थांबले. आपल्याकडे ते नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. नाव, कारखाना आणि टॅक्सी असे सारे एकामागून एक इतिहासजमा झाले. उरल्या त्या खासगी गाड्या, आणि त्यांची झिजणारी चाके.

ही झीज प्रथम कानाला कळते. वेग वाढेल तशी चढत जाणारी एक घुमती गुणगुण मागून येऊ लागते. गाडी जॅकवर उचलून चाक वरून व खालून धरून हलवले तर ते किंचित डुलते. हाताने फिरवले तर तळव्याला खरखर जाणवते. बेअरिंग म्हणजे दोन कडी, त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या, आणि गोळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारा पिंजरा. गोळ्यांच्या वाटेवर सूक्ष्म खड्डा पडला की प्रत्येक फेऱ्यात तो मोठा होत जातो.

या जातीच्या मागच्या आसात चाकाला जोडलेला दांडा स्वतःच बेअरिंगमध्ये फिरतो, आणि बेअरिंग जागच्या जागी राहते ते दांड्यावर घट्ट बसवलेल्या एका कॉलरमुळे. ती कॉलर सुटली तर दांड्यासकट चाक बाहेर सरकेल. म्हणूनच ती सहजी निघत नाही. कारागीर ती अर्धवट घासून छिन्नीने फोडतो, मात्र दांड्याला ओरखडा येऊ देत नाही. नवे बेअरिंग प्रेसवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यावा लागतो. तो बाहेरच्या कड्यावर दिला तर सारा जोर गोळ्यांतून जातो, आणि नवे बेअरिंग बसण्यापूर्वीच दुखावते. मग नवी कॉलर तापवून दांड्यावर सरकवायची. निवताना ती आकसते आणि घट्ट धरते. जुनी कॉलर आणि जुने ऑइल सील पुन्हा वापरायचे नसते. एवढे झाले की गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागते.

परंतु कारखानाच उरला नसताना हे नवे बेअरिंग येते कोठून? इथून त्या कड्याचा स्वतःचा इतिहास सुरू होतो, आणि तो मोटारीहून जुना आहे. घसरण्यापेक्षा गडगडणे सोपे, हे मर्म माणसाला फार पूर्वी उमगले होते. लिओनार्डोच्या माद्रिदमधील वह्यांत गोळ्यांच्या आधारांची रेखाटने आहेत. वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये बग्गीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. अडचण कल्पनेची नव्हती. सगळ्या गोळ्या तंतोतंत सारख्या करण्याची होती. एक गोळी केसभर मोठी असली तरी सारा भार तिच्यावर पडतो. श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ साली गोळ्या एकसारख्या घासणारे यंत्र केले आणि ही अडचण सुटली. पुढे १९०७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील कापडगिरणीतला अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने दांडा थोडा वाकडा झाला तरी सांभाळून घेणारे बेअरिंग घडवले. त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. 'व्होल्व्हो', म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो', हे नाव याच कंपनीने प्रथम नोंदवले होते. या वस्तूचे मोल युद्धालाही ठाऊक होते: १९४३ च्या ऑगस्ट व ऑक्टोबरमध्ये अमेरिकी विमानांनी मोठी हानी सोसून श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकले, ते तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यांसाठी.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना अगदीच नीरस आहे: मापांचे प्रमाणीकरण. बेअरिंगवर '६२०६' असा अंक कोरलेला असेल, तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे. आतला व्यास ३० मिलिमीटर. बाहेरचा ६२, जाडी १६. ते जयपूरला घडो, चिंचवडला घडो वा गोथेनबर्गला, ही मापे बदलत नाहीत. अशी प्रमाणित वस्तू कोणत्याही एका गाडीची नसते. म्हणूनच ती अनेक गाड्यांच्या उपयोगी पडते. पद्मिनीच्या दाराचा मूठदांडा किंवा मागच्या दिव्याची काच केवळ तिचीच. ती फुटली तर भंगारबाजार धुंडाळावा लागतो. जे जे तिचे खास, तेच आज दुर्मिळ. आणि जे सर्वसामान्य, तेच तिला जगवते.

बेअरिंगच्या शास्त्रात 'आयुष्य' हा शब्द पारिभाषिक अर्थाने येतो. लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार बेअरिंगचे आयुष्य म्हणजे तितक्या फेऱ्या, ज्या शंभरातली नव्वद बेअरिंगे पार करतात. उरलेली दहा आधीच जातात, आणि ती कोणती हे आगाऊ सांगता येत नाही. घडवणारा इथे अमरत्वाचे आश्वासन देत नाही. झिजणे गृहीत धरतो आणि बदलण्याची सोय ठेवतो.

वारसा जपणे म्हणजे मूळ वस्तू जशीच्या तशी राखणे, अशी आपली समजूत असते. काचेआड उभ्या केलेल्या गाडीपुरती ती खरी असेल. चालत्या गाडीपुरते मात्र जपणे म्हणजे बदलत राहणे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: प्रमाणित मापाचे एक निनावी कडे, आणि दाब कोठे द्यायचा हे जाणणारा, बहुधा तितकाच निनावी, हात. कडे उद्याही मिळेल. जगभरचे कारखाने ते घडवीत आहेत. त्या हातांची मात्र मापे कोठे नोंदलेली नाहीत आणि ती कोणत्याही दुकानात क्रमांक सांगून मागता येत नाहीत. पद्मिनीचा इतिहास लिहायचा तर त्या हातांचा लिहायला हवा, आणि तो ते काम करीत आहेत तोवरच लिहायला हवा.