टू-स्ट्रोक इंजिन: एका नळीची गोष्ट

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना पेट्रोल पंपावरचे ते दृश्य आठवत असेल. स्कूटरच्या टाकीत पंपावरचा माणूस मापाने 'टू-टी' ऑइल ओतायचा, आणि किक मारली की मागे निळसर धुराचा लोट. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या २००० नंतर आपल्या रस्त्यांवरून हळूहळू नाहीशा झाल्या. हे इंजिन आता संपले, असे आपण धरून चाललो. परंतु युरोप-अमेरिकेत चिखल, वाळू आणि खडकांतून दामटायच्या 'डर्ट बाइक'चे स्वार गेली काही वर्षे पुन्हा टू-स्ट्रोककडे वळले आहेत. हा केवळ जुन्या दिवसांचा उमाळा आहे, की त्यामागे काही विज्ञानही आहे?

आधी रचना पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. १८९० च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ येथे जोसेफ डे याने या इंजिनाला सुटसुटीत रूप दिले. वर झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारा कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. म्हणून इंजिन हलके आणि स्वस्त. पण फुकट काहीच मिळत नाही! जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची खिडकी काही काळ एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे पेट्रोलचा मोठा हिस्सा, कधी पाव भाग किंवा त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर निसटतो.

हे निसटणारे मिश्रण परत आत ढकलता आले तर? पूर्व जर्मनीतील 'एमझेड' कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन १९५० च्या दशकात या प्रश्नामागे लागला. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती; ती तडीस नेली त्याने. आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्या नळीला त्याने पोट दिले: आधी रुंदावत जाणारी, मग निमुळती होणारी. खिडकी उघडताच दाबाची लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने धावते. रुंद होणाऱ्या भागातून विरलनाची लाट उलट येते आणि सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते. मग निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि निसटलेले ताजे मिश्रण खिडकी बंद होण्याआधी पुन्हा आत लोटते. म्हणजे झडपेचे काम ध्वनिलहर करते.

अकरावीच्या वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे एका फेरीला ६ मिलिसेकंद. खिडकी साधारण निम्मी फेरी उघडी, म्हणजे ३ मिलिसेकंद. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर लाट जाऊन-येऊन दीड मीटर अंतर कापते. तेव्हा परतवणारा शंकू खिडकीपासून अंदाजे ७५ सेंटिमीटरवर हवा. फेरे निम्मे झाले तर लाट वेळेआधीच परतते आणि सारा खेळ बिघडतो. टू-स्ट्रोक आधी मलूल वाटते आणि मग एकदम उसळते, त्याचे मुख्य कारण हेच.

१९६१ पर्यंत काडेनने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्या काळी ही अचाट गोष्ट होती. त्याच वर्षी सप्टेंबरात, बर्लिनची भिंत उभी राहून महिना झाला असताना, त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेला पळून गेला आणि जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला. जगज्जेतेपद एमझेडच्या हातातोंडाशी आले होते, ते गेले. १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटात आपले पहिले विश्वविजेतेपद मिळवले, स्वार तोच डेग्नर. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिला. १९९६ साली तो वारला. त्याच्या नळीने कितीजणांना श्रीमंत केले आणि त्याला स्वतःला काय मिळाले, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

ही पोटाची नळी लवकरच मातीतल्या शर्यतींतही उतरली. १९७० साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचे मोटोक्रॉस विश्वविजेतेपद जिंकले. फोर-स्ट्रोकविषयी आग्रही असलेल्या होंडालाही १९७३ साली 'एल्सिनोर' ही टू-स्ट्रोक गाडी काढावी लागली.

मग ऱ्हास का झाला? धूर हे अर्धेच उत्तर. प्रदूषणाचा रोख पाहून शर्यतींच्या नियमकर्त्यांनी फोर-स्ट्रोकला जवळजवळ दुप्पट आकारमानाची सवलत दिली. १९९७ साली यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर डग हेन्रीने लास व्हेगासची सुपरक्रॉस जिंकली, आणि दहा-बारा वर्षांत होंडाने आपल्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक बंदही केल्या. २५० विरुद्ध ४५० ही तुलना मला तरी न्याय्य वाटत नाही.

पण नवी फोर-स्ट्रोक इंजिने नाजूक आणि दुरुस्तीला महाग निघाली. एक झडप तुटली की सगळे हेड जाते. टू-स्ट्रोकचा पिस्टन मात्र हौशी स्वार घरच्या पडवीत बसून बदलू शकतो. शिवाय वजन. ऑस्ट्रियातील एर्ट्सबर्गच्या लोखंडाच्या खाणीत दरवर्षी होणाऱ्या शर्यतीत ५०० स्वार सुटतात आणि मोजकेच पोहोचतात. तिथे गाडी अनेकदा उचलून, ओढून चढवावी लागते. गेली अनेक वर्षे तिथे ३०० सीसीच्या टू-स्ट्रोकचेच राज्य आहे.

२०१७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएमने मूळ दुखण्यावरच हात घातला. पुण्याच्या बजाज ऑटोची २००७ पासून भागीदारी असलेली हीच कंपनी. पेट्रोल आधी हवेत मिसळायचेच नाही. सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांमध्ये ते संगणकाने ठरवलेल्या क्षणी फवारायचे. सुरुवातीला निसटते ती बहुतांशी नुसती हवा. ऑइलही टाकीत ओतायचे नाही, ते पंपाने थेंबथेंब जाते. धूर त्यामुळे पुष्कळ कमी झाला. संपला मात्र नाही.

आणि सगळेच काही त्या वाटेने गेलेले नाहीत. २०२२ सालासाठी यामाहाने वायझेड १२५ चे इंजिन नव्याने आखले, पण कार्बुरेटर कायम ठेवला. ती केवळ शर्यतीची गाडी, रस्त्याचे नियम तिला लागू नाहीत. तिच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल अजूनही मापानेच मिसळावे लागते.