कळलावी : नामे आणि उपयोग

पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांच्या आधाराने चढणारी एक वेल फुलते. तिच्या मागे वळलेल्या सहा नागमोडी पाकळ्या प्रथम हिरवट-पिवळ्या असून पुढे तांबड्या होतात. हीच कळलावी. लिनियसने १७५३ मध्ये तिला दिलेले ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव केवळ तिची शोभा सांगते. देशी नामे त्याहून पुष्कळ अधिक सांगतात.

संस्कृतातील ‘अग्निशिखा’ हे नाव फुलावरून, तर ‘लांगली’ हे कंदावरून पडलेले दिसते. लांगल म्हणजे नांगर (मराठी शब्दही त्यापासूनच आला), आणि कंदाचा बाक नांगरासारखा असतो. ‘गर्भपातिनी’ हे नाव सरळ गुण सांगते. ‘कळलावी’ हा शब्द मात्र द्व्यर्थी आहे. ‘कळ’ म्हणजे वेदना, तसेच कलह. प्रसूतीस विलंब झाल्यास कंदाचा लेप नाभीवर वा तळपायांस लावीत. त्यावरून ‘कळा आणणारी’ हा अर्थ जुळतो. उलट ‘कलिकारी’ या संस्कृत नामात कलहाचा अर्थ आहे, आणि ही वेल दारी असता घरात भांडणे होतात ही लोकसमजूतही त्याच अर्थाची आहे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत आले, एवढे निश्चित.

रसशास्त्राच्या ग्रंथांत लांगलीची गणना उपविषांत होते व गोमूत्रात शोधन केल्यावाचून ती वापरू नये असा दंडक आहे. या दंडकाचे कारण पुढे रसायनशास्त्राने दाखविले. पेल्तिए व काव्हांतू यांनी १८२० मध्ये युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून जे द्रव्य वेगळे केले, ते कोल्चिसीन कळलावीच्या कंदातही असल्याचे क्लुअर, ग्रीन व ट्यूटिन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. हे द्रव्य पेशीविभाजन रोखते. म्हणूनच १९३७ पासून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. औषध म्हणून ते मुख्यतः गाउट या संधिविकारावर देतात. २०२३ मध्ये अमेरिकेत अल्प मात्रेत हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठीही त्यास मान्यता मिळाली. तमिळनाडूत कोल्चिसीनयुक्त बियांसाठी या वेलीची लागवड होते.

तथापि आधुनिक उपयोग हा सुईणीच्या लेपाचाच विस्तार होय, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. गाउटवरील उपचाराची परंपरा कोल्चिकमची, म्हणजे भूमध्यसागरी प्रदेशातील आहे. कळलावी तीत द्रव्याच्या साम्यामुळे मागाहून आली. दोन्ही परंपरांत समान आहे ते विषाचे भान. कोल्चिसीनची औषधी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि कंद खाण्यात आल्याने मृत्यू ओढवतात.

येथे नामांचा प्रश्न केवळ भाषिक राहत नाही. मराठीत कळलावीस ‘खड्यानाग’ म्हणतात, तसेच ‘बचनाग’ही म्हणतात, परंतु बचनाग हे हिमालयातील एका सर्वस्वी निराळ्या विषारी वनस्पतीचेही नाव आहे. दोहोंची विषे भिन्न, लक्षणे भिन्न, उपचारही भिन्न. विषबाधा झालेल्या माणसाचे नातलग वैद्यास प्रथम सांगतात ते वनस्पतीचे नावच. म्हणून बोलीतील वनस्पतिनामांची नोंद करताना प्रत्येक नामाबरोबर गाव, वनस्पतीचा नमुना व शास्त्रीय नाव नोंदविणे अवश्य आहे.