नैराश्य एक की दोन?

आता आपण १९६०च्या दशकातल्या इंग्लंडकडे वळू. प्रश्न साधा वाटतो : नैराश्य हा एक आजार आहे की दोन? जुनी समजूत दोनांची. एक आतून उपजणारं. कारण दिसत नाही, वजन घटतं, माणूस स्वतःलाच अपराधी मानतो. दुसरं परिस्थितीच्या धक्क्यातून आलेलं. त्यात चिंता फार, आणि दोष इतरांवर. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या ऑब्रे लुईस यांनी ही विभागणी १९३४ मध्येच नाकारली होती. पुढच्या पिढीला वाटलं, निकाल संख्याशास्त्राने लावावा.

न्यूकॅसलच्या कार्नी, रॉथ आणि गार्साइड यांनी १९६५ मध्ये १२९ रुग्णांचा अभ्यास छापला. हे रुग्ण विजेच्या झटक्यांचे उपचार घेतलेले होते. हे लक्षात ठेवा, कारण झटके कोणाला द्यायचे हे या वादावर ठरणार होतं. त्यांनी दहा लक्षणं निवडली, प्रत्येकाला भार दिला : वजन घटलं तर अधिक दोन, चिंता असेल तर उणे एक. बेरजांचा आलेख काढला, तर दोन उंचवटे आणि मध्ये दरी. म्हणजे आजार दोन!

तीनच वर्षांनी मॉड्स्लीच्या रॉबर्ट केंडेल यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर असंच गणित केलं. उंचवटा एकच निघाला.

मग चुकलं कोण? केंडेल यांनी बोट ठेवलं ते गणिताच्या आधीच्या पायरीवर. 'चिंता आहे' या चौकटीत खूण करतो डॉक्टर. त्याच्या मनात निदान आधीच ठरलेलं असेल, तर संदिग्ध लक्षणाची खूण त्या निदानाकडे झुकते. अशा खुणा साठत गेल्या की मधली माणसं दोन्ही टोकांना सरकतात आणि आलेखात दरी पडते. युक्तिवाद बिनतोड आहे. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे लोक, आम्हाला तो उलटवूनही पाहावासा वाटतो. मॉड्स्लीवर लुईस यांच्या शिकवणीची छाप होती. तिथल्या खुणा मध्याकडे झुकल्या नसतील कशावरून?

वाद मिटला नाही. १९७६ मध्ये केंडेल यांनी जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'समकालीन गोंधळ' असे शब्द आहेत. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली. तिने जुनी जोडी मोडून 'मेजर डिप्रेशन' हे एक मोठं नाव ठेवलं. त्याच्या पोटात मात्र 'मेलँकोलिया' हा प्रकार दिला, आणि न्यूकॅसलचा पहिला गट मागच्या दाराने आत आला.